बाकावरच्यांना कळायचं

"हलू नका. श्वास रोखा. रोखा... हां, सोडा."

काचेमागे बाईंनी बटण सोडलं. टेबलावरच्या गृहस्थांनी श्वास सोडला आणि छताकडे बघतच विचारलं, "काही आहे का हो?"

"डॉक्टर सांगतील."

बाई बाहेर आल्या, गृहस्थांना हात देऊन उठवलं, पायाखाली स्टूल सरकवलं आणि ते चपला घालेपर्यंत त्यांचं कोपर धरून उभ्या राहिल्या. मग दार उघडून दिलं.

"डॉक्टर सांगतील" हे वाक्य त्या दिवसभरात इतक्यांना ऐकवायच्या की एखादे वेळी झोपेतही म्हणत असतील. एक्स-रे विभागातलं त्यांचं काम सरळ होतं. माणूस टेबलावर नीट झोपवायचा, फोटो काढायचा, तो स्वच्छ आलाय ना एवढं बघायचं आणि वर डॉक्टरांकडे पाठवायचा. फोटोत काय आहे ते बोलायचं नाही. नियम चांगलाच होता. अर्धवट कळलेलं सांगून कुणाच्या जिवाला घोर लावण्यात काय अर्थ? पण फोटो पडद्यावर आधी दिसायचा तो बाईंनाच, आणि अर्धं आयुष्य तेच बघण्यात गेल्यावर न कळण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी चेहरा कमावला होता. लोक शरीर कमावतात तसा, रोज थोडा थोडा. हाड मोडलेलं असो, नसो, की त्याहून वाईट काही असो, बाईंचा चेहरा आपला कोरा.

अडचण एवढीच की संध्याकाळी एप्रनबरोबर तो खुंटीला अडकवून ठेवता येत नव्हता. तो घरी यायचा. मुलीला परदेशात नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा बाई "बरं झालं" म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी बसवली. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा "कधी?" म्हणाल्या आणि कुकर उतरवला. नवरा म्हणायचा, "तुझं मशीन बंद झाल्यावर तरी चेहरा चालू करत जा की गं." नातेवाईक म्हणायचे, खंबीर आहे हो. बाईंना खंबीर वगैरे काही वाटत नव्हतं. त्यांना काहीच वाटत नव्हतं, आणि काही दुखत नाही अशी तक्रार घेऊन माणूस जाणार तरी कुणाकडे? एका गोष्टीचं मात्र समाधान होतं. आपण आपलं काम चोख करतो, कुणाला फसवत नाही, कुणाच्या तोंडावर वाईट बातमी फेकत नाही. नीट जगणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असणार?

रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला मात्र ते वेगळं असावं असं वाटलं होतं. कर्मचारी रोग्यांवर खेकसतात अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा त्यांनी सगळ्यांसाठी जागरूकपणे जगण्याचा वर्ग सुरू केला. शिकवायला येणारे सर प्रत्येक वाक्याआधी डोळे मिटून लांब श्वास घेत, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव श्वाससर पडलं. "श्वास घ्या, धरा, सोडा" असं ते म्हणाले की आख्खा वर्ग बाईंकडे बघून हसायचा. रक्त तपासणारा तर म्हणाला, "बाई, तुमची नोकरी गेली बघा." बाई हसल्या नाहीत, पण वर्ग त्यांनी एकही बुडवला नाही. सांगितलेलं करायची त्यांना सवयच होती. त्या आठवड्यात सरांनी सांगितलं होतं, "फक्त आपल्या हातांकडे लक्ष ठेवा. तुमचं लक्ष नसताना ते काय करतात ते बघा."

म्हणून गृहस्थ गेल्यावर बाई आपले हात समोर धरून बघत उभ्या होत्या. तेवढ्यात फरशी पुसायला मावशी आत आल्या. विभागाची साफसफाई, रोग्यांच्या खुर्च्या ढकलणं, बाकावर रांग लावणं, सगळं मावशींकडे. दार लोटत त्या म्हणाल्या, "त्या आजोबांची बायको रडायला लागली बघा बाहेर."

"का? अजून डॉक्टरांनी फोटो बघितलासुद्धा नाही."

"तुम्ही हात दिलात ना."

"म्हणजे?"

मावशींनी फडकं पिळलं. "हातात काय बघताय एवढं?"

"वर्गात सांगितलंय. हात काय करतात ते बघायचं."

"अगं बाई! मग मला विचारायचं. आख्खा बाक तुमचे हातच तर बघत असतो." मावशी हसायला लागल्या, मग बाईंचं तोंड बघून थांबल्या. "तुम्हाला खरंच माहीत नाही? ज्याचं काही बरं नसतं ना ताई, त्याला तुम्ही हात देऊन उतरवता. स्टूल सरकवता, दार उघडता. बाकीच्यांना नुसतं 'उतरा' म्हणता. बाहेर आला माणूस की बाकावरचे पहिलं तेच विचारतात, हात दिला का? नाही म्हटलं की पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवतात."

"कधीपासून?"

"मी लागले तेव्हापासून तरी आहे."

बाईंनी एप्रन सारखा केला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्याला पायाच्या बोटाचा फोटो हवा होता. बोट ठणठणीत होतं. "उतरा," त्या म्हणाल्या, आणि आपण म्हणालो हे त्यांना ऐकू आलं.

घरी जाताना त्यांनी हिशेब मांडून बघितला, पण तो लागेना. एवढी माणसं. चेहरा कोरा ठेवून आपण ज्यांना काही सांगितलं नाही असं समजत होतो, त्या सगळ्यांना हातात हात घेऊन सांगत होतो. वर ते दयेपोटी! वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दाढेला भूल दिल्यावर गाल चाचपून बघावा तसं त्यांनी स्वतःला चाचपून बघितलं आणि सोडून दिलं. वागणं तेवढं दुरुस्त करायचं, एवढं ठरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणालाच हात दिला नाही. सकाळ बरी गेली. मग एक म्हातारी आली. कंबर धरलेली, डोळ्यांनी अधू. फोटोत काही विशेष नव्हतं, वयाचं काय असेल ते. बाई हात मागे बांधून उभ्या राहिल्या. म्हातारीने पाय खाली सोडला, स्टूल सापडेना, पाय हवेत चाचपडत राहिला. "कुणी आहे का गं इथे?" ती म्हणाली. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "आहे." शेवटी मावशीच फडकं टाकून धावल्या.

म्हातारीला बाहेर बसवून त्या परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. "हे काय नवीन? पडली असती म्हणजे?"

"तुम्हीच म्हणालात ना, लोक अर्थ काढतात."

"म्हणून माणसाला पडू द्यायचं?"

रात्री जेवताना बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने बातम्यांचा आवाज कमी केला, म्हणजे विषय त्याला गंभीर वाटला असणार. "अगं, सोपं आहे. सरसकट सगळ्यांना द्यायचा हात. प्रश्न मिटला."

प्रश्न मिटला नाही. गुडघा मुरगळलेला एक धडधाकट खेळाडू हात देऊन उतरवला, तर बाहेर त्याच्या आईने हंबरडा फोडला. रोज येणाऱ्यांपैकी कुणीतरी तिला आधीच समजावून ठेवलं होतं. दुपारपर्यंत बाकावर सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आज काय सगळ्यांचंच वाईट निघतंय, म्हणून दोघं तर फोटो न काढताच घरी गेले. मावशी मध्ये उभ्या राहून समजावत होत्या, "अहो, आजपासून सगळ्यांनाच देतात, तसं काही नाही." त्यावर एक जण म्हणाला, "मग आम्हाला कळणार कसं?"

बाईंना हे बोलणं दिवसभर ऐकू येत राहिलं. वर्ग संपल्यावर त्या श्वाससरांसाठी थांबल्या. सर गाडीची किल्ली शोधत होते. बाईंनी जमेल तसं सांगितलं. हात दिला तरी चूक, नाही दिला तरी चूक, सगळ्यांना दिला तरी चूक.

"मग बरोबर काय, सर?"

सरांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. "मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "मी हात बघा म्हणालो ते... खरं सांगू का, असं काही निघेल असं मला वाटलं नव्हतं. कुणाचं कधी काही निघत नाही."

बाईंना या उत्तराचा राग आला नाही. माणूस निदान खोटं बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मावशी स्वतःच कागद घेऊन आत आल्या. कंबर दुखतेय म्हणून त्या वाकताना हाश्शहुश्श करायच्या, पण ते विभागात सगळेच करायचे, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनीच त्यांना बादली उचलताना पाहून फोटो काढायला पाठवलं होतं.

"घ्या, आता माझा काढा," त्या टेबलावर चढत म्हणाल्या. "चांगला काढा हं. लग्नात काढला होता, त्यानंतर हाच."

"सरळ झोपा. गुडघे वर घ्या."

"रोज पुसते मी हे टेबल. एवढं गार असतं ते माहीत नव्हतं."

"हलू नका. श्वास रोखा."

मावशींनी गाल फुगवून श्वास रोखला. बाईंनी बटण दाबलं, सोडलं. फोटो पडद्यावर आला. बाईंनी सवयीने आधी तो स्वच्छ आहे का ते पाहिलं. स्वच्छ होता. कमरेचे मणके एकाखाली एक नीट मांडलेले, आणि त्यांतल्या एकाची एक कड नव्हतीच. खोडरबराने पुसावी तशी पुसली गेली होती.

बाईंनी असे फोटो पाहिले होते. त्यांच्या हाताने काहीही गरज नसताना पडद्याचा उजेड कमी केला, मग वाढवला. कड तिथे नव्हती. आपण हे का करतोय ते समजायला त्यांना वेळ लागला. त्यांना भीती वाटत होती. इतक्या दिवसांनी काहीतरी वाटलं, आणि नेमकं हे.

त्या काचेमागून बाहेर आल्या तेव्हा मावशी टेबलाच्या कडेला उठून बसलेल्या होत्या. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते, शाळेत मुलं बसतात तसे. कुणाला द्यायचा म्हटला असता तरी हात देता आला नसता.

"तुम्ही फार वेळ लावलात," मावशी म्हणाल्या.

बाई स्टूल सरकवायला वाकल्या.

"हात नका देऊ ताई मला. एवढी वर्षं दारात उभी राहून लोकांचं बघितलंय मी. आत काय झालं ते बाहेर बाकावरच्यांना कळायचं, आणि ज्याचं त्याला आपलं 'डॉक्टर सांगतील'. माझं तसं नको." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, रांगेतल्या माणसाला सरका म्हणतात तसा. "काय असेल ते तोंडाने सांगा."

बाईंच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते बाहेर यायला श्वाससुद्धा लागत नव्हता. त्यांनी ते गिळलं. ते गेल्यावर मागे दुसरं वाक्यच नव्हतं, इतक्या वर्षांत कधी लागलंच नव्हतं.

"एका मणक्यात..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "मावशी, मी डॉक्टर नाही. माझं चुकू शकतं. पण एका मणक्याची बाजू दिसत नाहीये. मला ते चांगलं वाटत नाही."

"चांगलं नाही म्हणजे, त्या मोठ्या दुखण्यातलं?"

"त्यातलं असू शकतं. आणखी तपासण्या कराव्या लागतील. तेव्हाच नक्की कळेल."

"बरं," मावशी म्हणाल्या.

वर छतावर पंखा फिरत होता. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. "वरची पाती पुसायची राहिलीत," त्या म्हणाल्या. मग हात मांड्यांखालून काढून त्यांनी टेबलाची कड धरली आणि स्वतःच्या स्वतः स्टूलवर पाय ठेवून खाली उतरल्या. बाई बाजूला उभ्या होत्या. मावशींनी पदराने डोळे पुसले नाहीत, कपडे मात्र दोनदा झटकले.

"आता काय करायचं?"

"डॉक्टर येईपर्यंत बाहेर बसायचं. आज उशिरा येतील म्हणालेत."

"आणि तुमची माणसं? रांग आहे बाहेर."

"थांबतील."

"रागावतील ना तुम्हाला. फोटोतलं बोललात म्हणून, आणि काम सोडून बसलात म्हणून."

"रागावू देत," बाई म्हणाल्या. नोकरीत त्यांना आजवर कुणी रागावलं नव्हतं, त्यामुळे ते कसं असतं याची त्यांना काही कल्पना नव्हती.

त्यांनी एप्रन खुंटीला अडकवला आणि दोघी बाहेर आल्या. बाकावरची माणसं आधी मावशींकडे, मग बाईंच्या हातांकडे बघायला लागली. हात रिकामे होते, बाजूला सुटे. लोकांना काही बोध होईना. कडेच्या माणसाने सरकून जागा केली. मावशी बसल्या आणि त्यांच्या शेजारी बाई बसल्या. हा बाक त्यांनी दारातून रोज पाहिला होता, पण त्यावर कधी टेकल्या नव्हत्या. तो अरुंद होता. पाठ टेकली की गुडघे पुढे जात आणि समोर ते बंद दार, त्याच्या वर एक दिवा, एवढंच दिसत राही. दुसरीकडे बघायला काही ठेवलंच नव्हतं कुणी.

रांगेतल्या एकीने वाट पाहून पाहून विचारलं, "मशीन बंद पडलंय का हो?"

मावशींनीच उत्तर दिलं.

"नाही, मशीन चालू आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या ताई जरा बसल्यात माझ्याबरोबर."