माझ्याशी बोलू नका, गुरुजी

मी सोनगीरजवळच्या एका शाळेतला, चौथीच्या वर्गाचा फळा बोलतोय. बोलणं हे काही माझं काम नाही, पण आता गप्प बसवत नाही.

वना सुतारानं मला रंधा मारून इथं उभं केलं. दर दिवाळीनंतर पोरं जुन्या सेलचा कोळसा पाल्याच्या रसात खलून मला फासतात. खडू, फडकं, छडीचे ठोके, सगळं सोसलं. कधी कुरकुर केली नाही.

मग अठ्ठ्याऐंशी साली लोटनभाऊंची सुगंधा वर्गात आली. तिला ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून ती समजून घेते. धुळ्याहून एक साहेब आले, "अशा मुलांना सगळ्यांबरोबरच शिकवा," असं सांगून चहा पिऊन गेले. कसं शिकवायचं, ते मात्र सांगितलं नाही.

हिलाल गुरुजी मनानं वाईट नाहीत. त्यांनी तिला पुढं बसवलं, आवाज चढवला. पण बोलतात कुणाकडं बघून? माझ्याकडं! लिहिता लिहिता अख्खा धडा मलाच सांगतात. तापीच्या उपनद्या घेऊन मी काय करू? त्या पोरीला दिसतो नुसता सदऱ्याचा मागचा भाग. चीड येते हो!

शुद्धलेखनाला तर गुरुजी रांगांमधून मागंमागं फिरत वाक्यं सांगतात. ती मान वळवून त्यांचं तोंड शोधते. "दुसरीच्या वहीत बघतेस?" म्हणत वहीवर भोपळा!

एकदा लोटनभाऊ आले. "गुरुजी, पोर हुशार शे. तुमनं तोंड दखीसन तिले बठ्ठं समजस. औंदा नापास व्हयनी ते कापूस येचाले धाडसू." म्हणजे नापास झाली की शाळा बंद, कापूस वेचायला रवानगी!

"हो हो, बघतो ना," गुरुजी म्हणाले. तेही माझ्यावर तारीख लिहीत.

आज भागाकार चालला होता. सुगंधा एकाएकी उठली, माझ्यापाशी येऊन मला टेकून उभी राहिली आणि गुरुजींच्या ओठांकडं बघू लागली. पोरं खिदळली. मला वाटलं, आता तरी यांना कळेल!

गुरुजींनी खडू थांबवला. तिच्याकडं नीट बघून म्हणाले, "बाजूला हो. फळा झाकतेस."

वर्षभरात पहिल्यांदाच ते तिच्या समोर तोंड करून बोलले होते. तिला शब्दन् शब्द कळला. ती निमूट जागेवर जाऊन बसली.

गुरुजी, परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. अजून वेळ गेलेली नाही. फिरवा माझ्याकडं पाठ. मला मुळीच राग येणार नाही.