खंडेनवमीचं तेल

"ज्योत्या, पियानो राहिला की रं!" भिवा दारातूनच ओरडला.

खरंच की! १९७३ सालची खंडेनवमी. शॉपमधली झाडून सगळी मशिनं पुसून, तेल घालून, झेंडू वाहून झाली होती. भिवा आमच्या पिंपरीच्या कारखान्यातल्या क्लबचा शिपाई. मी फिटर, तोही अजून कायम न झालेला.

क्लबातला पियानो म्हणजे अरुंधतीबाईंचा जीव. लग्नाआधी त्या मुंबईत मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवायच्या, लोक तिकीट काढून यायचे. आमच्या इंजिनिअरसाहेबांशी लग्न झालं आणि अकरा वर्षं कॉलनीत गेली. आज संध्याकाळी त्यांचे गुरू मुंबईहून ऐकायला येणार होते. त्यांना पटलं, तर बाई पुन्हा मुंबईत वाजवणार होत्या.

जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीखाली डबा खात त्यांचा सराव ऐकायचो. कळायचं ओ की ठो नाही, पण भाकरी हातातच राहायची. अशा बाईंचं यंत्र सणाला कोरडं ठेवायचं? झाकण उघडलं. आत तारा, आणि त्या ताणून धरणाऱ्या दोनशेवर खुंट्या. एकेकीला तेल दिलं, मुरावं म्हणून पान्यानं जरा फिरवून परत जागेवर आणली. कुंकू लावलं, हार घातला, पाया पडलो. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

संध्याकाळी बाईंनी सुरुवात केली आणि थबकल्या. पुन्हा वाजवलं. जसजशा वाजवत गेल्या, तसतशा तारा उतरत गेल्या. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा. तरी त्यांनी शेवटपर्यंत वाजवलं. मग उठून झाकण उचललं. खुंट्या तेलानं चकाकत होत्या, पकड सुटून सैल पडलेल्या. बाईंनी हाराकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"कुणी घातलं हे तेल?" मॅनेजर कडाडले. "उद्यापासून घरी बसवतो त्याला!"

"मीच घातलं," बाई म्हणाल्या. "खुंट्या कडक वाटल्या मला."

गुरू म्हातारे, गोव्याकडचे. त्यांनी एका खुंटीवर बोट फिरवून पाहिलं.

"तू? खुंट्यांना तेल? अरुंधती, सगळंच विसरलीस गं."

टोपी उचलून ते गाडीत जाऊन बसले. गाडी सुरू होईपर्यंत वेळ होता. मी बोलायला हवं होतं. घरी दोन पोरं, नोकरी कच्ची. मी दाराशीच उभा राहिलो. भित्रा मेला, असं अजून स्वतःला म्हणतो.

त्यानंतर बाई क्लबात आल्या नाहीत. पण जेवणाच्या सुट्टीत मला त्यांचं वाजवणं ऐकू यायचं. रिटायर होईपर्यंत यायचं. मी डबा दुसरीकडे खाऊन पाहिला, तिथंही यायचं.

त्याच्या पुढच्याच मार्चमध्ये मी कायम झालो. पेढे घेऊन बाईंच्या बंगल्यावर गेलो. आज सांगायचंच.

"बाईसाहेब, त्या दिवशी त्याल म्या..."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पोरांना शाळेत घातलंस ना?"

"व्हय."

त्यांनी पेढा उचलला तेव्हा नखं दिसली. चांगली लांब वाढवून रंगवलेली. पियानो वाजवणाऱ्याला नखं ठेवता येत नाहीत.