कंग्राळीच्या फेरीचा पाटा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुमच्या स्वयंपाकघरातला दगडी पाटा एका नव्याकोऱ्या सायकलच्या कॅरिअरवर काथ्याच्या दोरीने आवळून बांधला आहे आणि ती सायकल बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून धडधडत चालली आहे. दिसलं? तो पाटा म्हणजे मी.

मी एक जुना पाटा आहे. बेळगावच्या खासबागेत अंबुबाईंच्या चुलीपाशी अकरा वर्षं माझ्यावर मिरची-खोबरं वाटलं गेलं. मग एक दिवस माझा कोपरा उडाला. फुटका पाटा घरात ठेवत नाहीत, म्हणून अंबुबाईंच्या यजमानांनी, तम्मण्णांनी, मला आपल्या सायकलच्या दुकानात नेलं.

त्या काळी विलायती सायकली रेल्वेने खोक्यांतून येत. प्रत्येक एजंट आपलाच छाप उत्तम म्हणून सांगे. तम्मण्णा कुणाचंच ऐकत नसत. नव्या छापाची एक सायकल घ्यायची, मला मागे बांधायचं आणि खडबडीत वाटेने कंग्राळी गावापर्यंत जाऊन यायचं. परत आल्यावर त्यांची दहा वर्षांची लेक अंजनी पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला तेल लावून पुसून काढी आणि वर खडू फासे. लोखंडात केसाएवढी चीर असली तरी आत राहिलेलं तेल पाझरून खडूवर काळी रेघ उमटे. रेघ दिसली की तो छाप दुकानात यायचा नाही. गिऱ्हाईकही किमतीच्या आधी विचारी, "पाटा झालाय न्हवं?" मला तेव्हा फार अभिमान वाटे.

मग विलायतेत लढाई सुरू झाली. विलायती माल येईना. दुकानात नुसत्या रिकाम्या खुंट्या उरल्या. अशात निपाणीहून उपेंद्रराव नावाचे एजंट गरुड छापाच्या सहा सायकली घेऊन आले. तम्मण्णा मला उचलायला वाकले, तसे उपेंद्रराव हसले.

"आण्णा, सायकली विकताय का चटणी वाटताय? दगडानं रंग खरवडला तर मी माल परत घेणार न्हाय. तुमाला नको तर मारुतीरावांचं दुकान हाय की."

तम्मण्णांनी मला खाली ठेवलं आणि माझ्यावर एक पोतं टाकलं.

त्याच आठवड्यात वडगावचे विणकर यल्लाप्पा आले. लुगड्यांचे गठ्ठे घेऊन ते गावोगावचे बाजार करत.

"पाटा झालाय न्हवं, तम्मण्णा? कवा कवा मागं बायको बसणार हाय. पाट्यापरास जड हाय ती!"

तम्मण्णाही हसले. म्हणाले, "व्हय, झालाय की."

अंजनीच्या हातात खडू होता. ती वडिलांकडे बघत राहिली, पण बोलली नाही. मी दगड, मला तोंड नाही. तिला होतं, आणि हे ती विसरली नाही.

महिन्याभरात एका उतारावर यल्लाप्पांनी नेलेल्या गरुड सायकलचा चिमटा तुटला. बायको त्या दिवशी मागे नव्हती. यल्लाप्पा वाचले, पण त्यांचा उजवा हात मनगटात असा मोडला की पुन्हा मागावर धोटा फेकता आला नाही. त्यांची बायको यल्लव्वा दुकानात आली. तिने तुटका चिमटा तम्मण्णांपुढे ठेवला.

"तुमी व्हय म्हणालासा, आण्णा," एवढंच बोलली आणि गेली.

मी पोत्याखाली पडून होतो. मित्रांनो, माझी तुमच्यापाशी एकच विनवणी आहे. माझ्यासारख्या जुन्या दगडाला हळदकुंकू वाहू नका, कौतुकही करू नका. ज्या कामासाठी ठेवलंत, त्या कामाला रोज लावा. ती एक फेरी चुकली, तिची भरपाई मला आजवर करता आलेली नाही.

दुकानात तीन गरुड सायकली अजून उभ्या होत्या. काही दिवसांनी कंग्राळीचा शेतकरी भरमा आला. त्याने एका सायकलची घंटी वाजवून पाहिली, सीटवर हात फिरवला आणि विचारलं, "पाटा झालाय न्हवं, आण्णा?"

तम्मण्णांनी हातातला पाना पुसला. पुन्हा पुसला. बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात माझ्यावरचं पोतं उडालं. अंजनीने दोन्ही हातांनी मला धरलं आणि फरशीवरून खरडत, धापा टाकत दारापर्यंत ओढत नेलं. उंबऱ्याच्या आत, अगदी मधोमध, एकही सायकल बाहेर जाणार नाही असं मला आडवं टाकलं आणि माझ्यावर बसली.

"न्हाय झालेला, मामा," ती भरमाला म्हणाली. मग वडिलांकडे वळली.

"आप्पा, दोरी आणा."