क्रांतीचं लहानपण मला विचारा

मी एक जुना टेबलफॅन आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भयंकर वैतागलेला आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू कशा गोडगोड बोलतात! मला ते जमणार नाही. माझ्या जाळीत धूळ साठली आहे, बेअरिंग खडखडतं आणि मान डावीकडे वळली की तिथेच अडकून बसते. मग कोणीतरी थोबाडीत मारल्याशिवाय ती परत फिरत नाही. एवढं एक वेळ मी सहन करीन. माझं डोकं उठलंय ते दुसऱ्याच गोष्टीनं. मला सगळं माहीत होतं आणि मला कुणीच विचारलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची पाती वाकवली, तांब्याच्या तारेचं वेटोळं पोटात बसवलं, अंगाला पिस्ता रंग फासला आणि मला चालू करून बघितलं. मी पहिल्या झटक्यात फिरलो. तिथून आलो कोल्हापुरात, महाद्वार रोडवरच्या एका दुकानात. एका मामानं भाचीच्या लग्नासाठी मला उचललं. त्या भाचीचं नाव अंबूबाई. तिच्या रुखवतात मला लाडवांच्या परातीशेजारी मांडलं होतं आणि गळ्यात झेंडूचा हार घातला होता. येणारी प्रत्येक बाई माझी बटणं दाबून बघायची. "वारं कसलं येतंय बघ की गं!" असं त्या एकमेकींना सांगायच्या आणि मी आणखी जोरात फिरायचो. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मंगळवार पेठेतल्या त्या घरात मी काय काय नाही केलं? चैत्रात सगळं घर माझ्यासमोर जेवायला बसायचं. पावसाळ्यात गणवेश वाळवले, लग्नसराईत मेंदीचे हात वाळवले. वर्षाची चटणी कांडून आली, की खोकून बेजार झालेल्या माणसांच्या तोंडावरून तिखटाचा वास बाहेर हाकलायचं कामही माझंच. पुढे छताला पंखे आले, मग खिडकीत कूलर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून मला खाली कोणी आणलं? क्रांतीनं.

क्रांती ही अंबूबाईची थोरली. तिच्या पाठचा विजयसिंह. वडील साखर कारखान्यात कामाला, वारणानगरला, सुट्टीला घरी येतात. क्रांती रांगायला लागली तेव्हापासून माझ्यासमोर येऊन बसायची. इतर पोरं माझ्या जाळीत बोट घालायला धावतात आणि ओरडा खातात. ही नुसती पाती बघायची. आईच्या बांगड्या काढून माझ्यासमोर रंगाप्रमाणे ओळीनं लावायची. कोणी एखादी बांगडी हलवली, की आकाश फाटल्यासारखी रडायची. घरात पाहुणे आले, की ती माझ्यामागे येऊन लपायची. आणि आमच्या घरात पाहुणे कधी नसायचे? रविवारी मटण शिजलं, की अर्धी पेठ पांढरा रस्सा चाखायला यायची. सगळी माणसं एकदम बोलायची, तीही भांडल्यासारखी. त्या गलक्यात माझा एकसुरी आवाज तिला बरा वाटायचा. मला खात्री आहे, कारण माझ्या जाळीजवळ तिनं कान आणला, की तिचं रडं थांबायचं.

आता ती मोठी झाली आहे. एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासते. त्या कामात ती एकदम तरबेज आहे. पण गेल्या वर्षी साहेबांनी तिला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. समोर माणसांचा आरडाओरडा, मागे फोन आणि वर ट्यूबलाईटची फडफड. एक दिवस ती कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसात तिची चर्चा. समुपदेशक बाईंकडे गेली तेव्हा त्या म्हणाल्या, हा ऑटिझम असू शकेल, किंवा व्यक्तिमत्त्वाचा एखादा विकार असू शकेल, किंवा दोन्ही नसेल. नीट तपासणी करून घ्या.

झालं! तेव्हापासून पोरीचा एकच उद्योग. मोबाइलवर वाचायचं, प्रश्नावल्या सोडवायच्या, उत्तर पटलं नाही की पुन्हा सोडवायच्या. जेवताना मध्येच थांबायचं. मग तिनं मला माळ्यावरून काढलं, पुसलं आणि समोर बसून माझ्या पात्यांत बोलायला लागली. माझ्यासमोर बोललं, की आवाजाचे तुकडे होतात आणि बाहेरच्याला काही कळत नाही. तेच तिला हवं असावं.

"ऑटिझम निघाला, तर लोक म्हणतील पोरगी अर्धवट हाय," ती मला सांगायची. "दुसरं निघालं, तर म्हणतील स्वभावच वाईट. आणि काहीच न्हाय निघालं, तर? मग मी नुसतीच तिरसट. मग सगळी चूक माझीच की."

ही तिसरी भीती तिला सगळ्यात जास्त खायची. आणि मित्रांनो, माझा संताप व्हायचा. अगं, तू तिरसट कशी असशील? रांगत होतीस तेव्हापासून मी बघतोय ना तुला! पण मला तोंड कुठे आहे? मला मान आहे, ती डावीकडे अडकते.

तपासणीसाठी डॉक्टर निशिगंधा मॅडमची वेळ मिळाली. त्यांनी आधीच बजावलं होतं, की लहानपणापासून ओळखणारं घरचं माणूस बरोबर आणा, कारण हे सगळं पहिल्यापासूनचं आहे की नंतरचं, यावरच पुष्कळ अवलंबून आहे. म्हणजे आईला नेणं भाग होतं. अंबूबाई आधी तयारच होईना. "आमच्या पोरीत काय बी न्हाय," एवढंच म्हणायची. शेवटी विजयसिंह ओरडला, "अगं जा की! तिला बरं वाटंल." तेव्हा कुठे ती उठली. शेजाऱ्यांना मात्र पोटदुखीच्या डॉक्टरकडे चाललोय असं सांगून निघाली.

आता अंबूबाईबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पेठेत कोणाच्याही मुलीचा बघण्याचा कार्यक्रम असला, की तिला बोलावणं येतं. मुलाकडच्या मंडळींसमोर मुलीच्या बाजूनं बोलावं ते तिनंच. मुलीला भाकरी थापता येत नसली, तरी अंबूबाईच्या तोंडून ती अन्नपूर्णा होऊन बाहेर पडते. डॉक्टरकडे निघताना तिनं ठेवणीतली साडी नेसली आणि बरोबर बेसनाचे लाडू घेतले. ते बघूनच माझं बेअरिंग खडखडायला लागलं.

आणि तसंच झालं. दोघी परतल्या तेव्हा क्रांतीनं चपला भिरकावल्या आणि माझ्यासमोर येऊन बसली. आई मागोमाग आली.

"काय झालं गं? मी काय वाईट बोलले का?"

"चांगलं बोललीस, तेच झालंय! मॅडमनी विचारलं, लहानपणी हिला कशाचा त्रास व्हायचा? तू म्हणालीस, कशाचाच न्हाय. लई गुणाची, सगळ्यांत मिसळती, सैपाकात हुशार, राग म्हणून येत न्हाय. आई, ते काय मुलाकडचे पावणं होते व्हय?"

"मग काय सांगू? माझी पोरगी येडी हाय म्हनून सांगू?"

"येडी म्हणायला कोण सांगतंय? खरं सांग म्हणाले मी! त्या म्हणाल्या, लहानपण इतकं सुरळीत असेल तर मला ठामपणे काही म्हणता येणार नाही. परत या म्हणाल्या. एवढे महिने मी कसे काढलेत ते माझं मला ठाऊक. आणि तू तिथं लाडू वाटत बसलीस!"

अंबूबाईचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात माझी मान नेमकी तिच्याकडे वळून अडकली आणि मी तिच्या तोंडावर खडखड करत राहिलो. सांग ना बाई! बांगड्यांचं सांग! माझ्यामागे लपायची ते सांग! तिनं माझ्या एक थोबाडीत लगावली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं, या बाईला काही दिसलंच नाही कधी. सगळं फक्त मीच पाहिलं.

पुढचे दिवस घरात अबोला. क्रांती ताट घेऊन खोलीत यायची, दोन घास खायची, बाकीचं तसंच. माझ्याशीही बोलेना. नुसती बसून राहायची आणि नखांच्या कडेची कातडी सोलायची. आई दारापर्यंत यायची, उंबऱ्यावरून बघायची आणि परत जायची.

मग एका दुपारी, क्रांती कामावर असताना, अंबूबाई एकटीच खोलीत आली. हातात मोबाइल होता. तिनं माझं बटण दाबून मला बंद केलं आणि कॉटवर बसली. तिला फोन कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर लावते. त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"बाई, मी अंबूबाई. क्रांतीची आई. ती लाडूवाली."

"हो हो, आठवतंय. बोला ना," निशिगंधा मॅडम म्हणाल्या.

"परवा मी जे सांगितलं ते सोडून द्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तिला कापडाची शिवण टोचायची ओ. अंगात फ्रॉक घातला की किंचाळायची. उलटा घातला की गप. मग लोक हसाय लागले. म्हनून मी तिचे सगळे फ्रॉक उसवले आणि शिवण बाहेरनं घातली. इचारलं कुनी, तर सांगायचे, ही नवी फॅशन हाय."

मी थक्क झालो. त्या फ्रॉकांना मी वारा घातला होता. शिवण बाहेरून आहे हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

"आणखी?" मॅडमनी विचारलं.

"तिची एक वाटी होती. दुसऱ्या वाटीतला भात तोंडात घ्यायची न्हाय. लग्नाला गेलं, की मी ती वाटी पर्समधनं न्यायची आणि पदराआड धरून चारायची. वाढपी बघंल म्हनून. आणि गणपतीची मिरवणूक! ढोल-ताशा वाजला की हिचं अंग ताठ व्हायचं. म्हनून मिरवणुकीच्या आदल्या दिशी मी तिला एसटीत घालायची आणि चंदगडला माझ्या आईकडं जायची. तिकडं नुसता पाऊस. पोरगी तिथं शांत झोपायची. हितं सगळे म्हनायचे, हिला माहेरचं लई याड."

मित्रांनो, मीही तेच म्हणायचो. दरवर्षी सगळं घर मिरवणुकीला जायचं आणि ही बाई माहेरी. मला तिचा राग यायचा.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं?"

"कुनाला सांगनार? नवऱ्याला बी न्हाय."

"मग परवा माझ्यापासून का लपवलंत?"

अंबूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी सगळं झाकत आले म्हनूनच तिचं हे असं झालं, असं तुम्ही म्हनला असता तर? त्याचं भ्या वाटलं."

"तसं मी म्हणणार नाही. तुमच्यामुळे हे झालेलं नाही. तुम्ही सांभाळलंत म्हणून तिला ते सोपं गेलं. आता दोघी परत या आणि हेच सगळं, असंच सांगा. निदान काय ते मी आज सांगू शकत नाही. पण आता मला काम करता येईल."

फोन बंद झाला. दारात क्रांती उभी होती. खांद्याची पिशवी तिनं अजून काढली नव्हती. केव्हा आली होती कोण जाणे, पण बरंच ऐकलं असावं, कारण तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"आई, ते फ्रॉक," ती म्हणाली. "मला वाटायचं सगळ्यांचे तसलेच असत्यात."

"व्हय," आई म्हणाली. "तुला तसं वाटावं म्हनून तर केलं."

क्रांती येऊन कॉटवर बसली. आईनं तिला जवळ ओढलं नाही, नुसता आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. पोरीला अंगाला अचानक हात लावलेला चालत नाही, हे मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. क्रांतीनंच मग थोड्या वेळानं तिचा हात धरला.

"सोमवारी जाऊ," आई म्हणाली. "काय काय सांगू तिथं?"

"सगळं."

सोमवार अजून यायचा आहे. मॅडम काय सांगतील, कोणाला ठाऊक. क्रांतीची भीती गेलेली नाही. काल पुन्हा मोबाइलवर प्रश्नावली सोडवत होती आणि मध्येच वैतागून मोबाइल उशीवर आपटला. पण आता स्वयंपाकघरातून आई ओरडून सांगते, "अगं, आणि एक आठवलं!" आणि क्रांती उठून ऐकायला जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. मला तेल घाला, जाळी पुसा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुमच्या घरात कोणी तुम्हाला विचारलं, "मी लहानपणी कशी होते?" तर पाहुण्यांना सांगायचं ते तिला सांगू नका. गुणाची होतीस, शहाणी होतीस, असं म्हणून तिला वाटेला लावू नका. कशानं रडायचीस ते सांगा आणि ते रडं थांबवायला तुम्ही काय काय केलंत तेही सांगा. तिला तेवढंच जाणून घ्यायचं असतं आणि ते तिच्यापर्यंत तुमच्याशिवाय दुसरं कोणी पोचवणार नाही.