मी आलो, आले की आलं

मी एक हेल्मेट बोलतोय. थांबा, बोलतेय. छे, बोलतंय. बघा, पहिल्याच वाक्याला घसरगुंडी झाली.

तरी पुढे जे सांगणार ते अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या डोक्याची शपथ. तुम्ही म्हणाल, तुला कुठलं आलंय डोकं? बरोबर आहे, मी आतून पोकळच. मग काचेची शपथ: खोटं बोलत असेन तर माझी काच तडकू दे. तशी ती तडकलेलीच आहे, पण त्याचं कारण निराळं.

माझा जन्म कारखान्यातला. रंग लाल. आमच्या खेपेतल्या एका भावंडाला उंचावरून लोखंडावर आपटलं. ते फुटलं नाही, म्हणून आम्ही सगळे पास झालो. ते स्वतः मात्र कचऱ्यात गेलं, कारण एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. परीक्षा एकाने द्यायची आणि शिक्का दुसऱ्यांनी मिरवायचा, हा हिशेब माझ्या डोक्यात तेव्हाही शिरला नाही. डोकं नव्हतंच म्हणा.

दुकानात आलो तेव्हा मालकाने मला बाहेर खिळ्याला टांगलं. तिथे एका चिमणीने माझ्यात घरटं केलं. अंडी घातली, पिल्लं काढली. एक उंच, किडकिडीत गिऱ्हाईक मला घ्यायला आलं आणि आत डोकावून परत गेलं. मग तो माणूस रोज येऊन विचारायचा, "उडाली का?" मालकाने दुसरी चार हेल्मेटं दाखवली, पण हा हटून बसला. शेवटी पिल्लं उडाली आणि मी त्याच्या डोक्यावर बसलो. आत एक पीस राहिलं होतं, ते त्याच्या नाकात जाऊन तो घरापर्यंत शिंकत गेला. इथे काही जण हसतील. हसोत बापडे.

हा माणूस लेखक होता. कथा-कवितांचा नव्हे, मोटरसायकलींचा. एका मासिकात त्याचं पान असायचं. कंपन्या नवीन गाडी पाठवायच्या, हा ती चार-आठ दिवस दामटायचा आणि गाडी कुठे गोड वागते, कुठे शिंगं उगारते ते लिहायचा. फोटो काढायला त्याचाच मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. डोंगरातल्या एका वळणावर हा मेहुणा रस्त्याकडेला पालथा पडायचा आणि लेखकाला त्याच वळणावरून येरझाऱ्या घालायला लावायचा. "भावोजी, बस, शेवटचं एकदा." फोटोवाल्यांचं शेवटचं एकदा हे कधी शेवटचं नसतं. लेखक कुरकुरायचा, पण मी आतून सांगतो, त्याला मजा यायची. वळणात शिरताना तो शीळ घालायचा.

मग एका सकाळी वाळूवरून गाडी घसरली. मला ओरखडासुद्धा आला नाही, कारण मी तेव्हा आरशाला अडकवलेलो होतो आणि उडून गवतात पडलो. हो, डोक्यावर नव्हतो. लेखक फक्त गाडी वळवून लावत होता. माणसाला वाटतं संकट वेगात असताना येतं.

त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. अंक छापायला जायचा होता, गाडी परत द्यायची होती आणि फोटो एकही नव्हता. मेहुणा डोकं धरून बसला. तेव्हा त्याची ताई, म्हणजे लेखकाची बायको, भांडी विसळता विसळता म्हणाली, "हेल्मेटमध्ये कोण आहे ते फोटोत कुणाला दिसतं?"

ही बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. अर्ध्या गावाला तिने क्लच सोडायला शिकवलं होतं. तिने नवऱ्याचं जॅकेट चढवलं, मला डोक्यावर घेतलं आणि त्या वळणावर गाडी अशी तिरपी झोपवली की मेहुणा बटण दाबायचं विसरला. म्हणाला, "ताई, पुन्हा एकदा." त्या वेळी तो 'शेवटचं' म्हणाला नाही.

लेखकाचं हाड जुळलं. धीर मात्र जुळला नाही. गाडीवर बसला की त्याच्या हाताला घाम सुटायचा. पुढच्या महिन्यातही तीच गेली, त्याच्या पुढच्याही. संध्याकाळी ती मला टेबलावर ठेवायची, ओट्याला टेकून सांगायची आणि तो टाइप करायचा. ती म्हणायची, "पुढचं चाक वळणात शिरताना आडमुठेपणा करतं, पोराला दंतवैद्याकडे नेल्यासारखं." तो ते वाक्य घ्यायचा, जरा घासूनपुसून असं बसवायचा की वाचणाऱ्याने घरबसल्या गाडी कलती करावी. तिला तसं लिहिता आलं नसतं. त्याला तसं चालवता आलं नसतं. लेख कुणाचा, हा प्रश्न मला पडायचा आणि तसाच पडून राहायचा.

गोंधळ माझ्या आतही होत होता. आमचं अस्तर ज्याच्या डोक्यावर बसतं त्याचा आकार घेतं. हळूहळू मी तिच्या डोक्याचा झालो. झाले. आता कळलं, मी असं का बोलतंय? त्याच्या डोक्यावर मी 'आलो', तिच्या डोक्यावर 'आले' आणि खुंटीवर नुसतं 'आलं'.

लेखक मोठा चलाख. मासिकात नाव त्याचं आणि चालवणारी ती, मग वाक्यं कशी लिहायची? तो लिहायचा, "मी गाडी वळवली. मी ब्रेक दाबला. मी गियर बदलला." मराठीत असं बोललं की क्रियापद गाडीच्या आणि ब्रेकच्या मागे जातं, बोलणारा बाप्या की बाई ते कळतच नाही. 'गेलो', 'शिरलो', 'निघालो' हे शब्द त्याने पानातून हद्दपार केले. एकदा बायकोला म्हणाला, "बघ, खोटं एक अक्षर नाही." ती म्हणाली, "आणि तो 'मी' कोण, शेजारचा?" तो खूप वेळ हसला. ती हसली नाही.

मग एका महिन्यात घात झाला. ती रंगात येऊन सांगत होती, हा रंगात येऊन टाइप करत होता. आणि अंकात छापून आलं: "मी वळणातून सरळ बाहेर आले."

वाचकांचे फोन खणखणले. संपादकांनी लेखकाला कचेरीत बोलावलं. तो मला काखेत मारून गेला. बसने गेला. गेली दोन वर्षं तो बसनेच जायचा, मात्र मला काखेत घेतल्याशिवाय नाही. कंडक्टर त्याला विचारायचा, "साहेब, बस जोरात चालते का फार?"

संपादक चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाहेर 'आले' म्हणजे? चहात टाकायचं?"

लेखक म्हणाला, "सर, छपाईची चूक. काना पडला."

कोपऱ्यात मुद्रितशोधक बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की गेली वीस वर्षं त्यांच्या टेबलावरून काना पडलेला नाही आणि हा तर मुळातच नव्हता.

संपादकांनी फार चौकशी केली नाही. म्हणाले, लोक काय काय बोलतायत, ते तोंडाने मिटणार नाही. रविवारी वाचकांचा मेळावा त्याच वळणावर ठेवू. तुम्ही सगळ्यांसमोर गाडी चालवा. नाहीतर पान बंद.

घरी खल झाला. मेहुण्याचं म्हणणं सोपं होतं: गाडी वाहून आणणाऱ्या टेम्पोच्या आड भावोजींनी जायचं, आडून ताईने यायचं, हेल्मेट घातलेलं, कोण ओळखतं. दोघंही तिच्याकडे बघायला लागले. मी टेबलावर होतं आणि मलाही ती योजना पसंत होती, कारण त्याच्या डोक्यावर आता मला चिमटायला होई.

ती म्हणाली, "मी आडून येणार नाही. इतके दिवस आले, ते तुमचं हाड मोडलं म्हणून. अहो, एक तर गाडी चालवा, नाहीतर माझं नाव घ्या."

"नाव घेतलं तर पान जाईल," लेखक म्हणाला.

"मग चालवा. मी शिकवते."

आणि तिने शिकवलं. रिकाम्या मैदानात, शाळेतल्या नवख्यांना शिकवतात तसं. शनिवारपर्यंत तो पहिल्या गियरमध्ये सरळ रेषेत जायला लागला. वळण आलं की पाय खाली टेकायचा. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली की वळणात जिथे जायचंय तिथे बघायचं, जिथे पडायची भीती आहे तिथे नाही. तो म्हणाला, "हे वाक्य मी लिहिलंय." ती म्हणाली, "आणि सांगितलं कुणी?"

रविवारी वळणावर ही गर्दी. संपादक छत्री घेऊन खुर्चीत, मेहुणा पालथा, ती टेम्पोपाशी हाताची घडी घालून. लेखकाने मला घातलं. मी त्याच्या कानांना चावलो. गाडी निघाली, बैलगाडीच्या वेगाने. मला त्याच्या कानशिलातले ठोके ऐकू येत होते. शीळ नव्हती. वळण जवळ आलं, खालची दरी दिसली आणि मी ठरवलं, याला वाचवायचं. मी काच धुकवून टाकली. आतून, एका क्षणात, दुधासारखी पांढरी. त्याला पुढचं दिसेना. त्याने ब्रेक दाबला, पाय टेकले आणि वळणाच्या तोंडाशी गाडी उभी राहिली.

कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण.

त्याने गाडी स्टँडवर लावली. मला काढलं, काखेत घेतलं आणि टेम्पोपर्यंत चालत आला. मग गर्दीकडे वळून बोलला. आवाज चढवला नाही, त्यामुळे मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"छपाईची चूक नव्हती. काना पडला नव्हता. दोन वर्षं वळणातून बाहेर आली ती ही."

आणि त्याने तिचं नाव घेतलं. पूर्ण, माहेरच्या नावासकट. मग मला तिच्या हातात दिलं.

तिने मला चढवलं, पट्टा लावला. मी बरोबर बसले. आम्ही वळणात शिरलो, गाडी झोपली, दरी डोळ्यांच्या कडेने गेली, आणि मी वळणातून सरळ बाहेर आले. पालथ्या मेहुण्याचा आवाज आला, "ताई, शेवटचं एकदा."

संपादकांनी पान बंद केलं. शब्दाला पक्के. पुढच्या महिन्यात त्याच जागी दुसरं पान सुरू केलं, वर दोन नावं: आधी चालवणारीचं, मग लिहिणाऱ्याचं. थोडे वाचक रागावून गेले. एक अजूनही फोन करून विचारतो की चालवतो कोण, लिहितं कोण आणि मी भांडू कुणाशी. लेखक आता मागच्या सीटवर बसून जातो. त्याच्या लेखात 'मी' अजून आहे, पण तो बहुधा "मी डोळे मिटले" एवढ्यापुरताच.

मी? एकदा टेबल पुसताना तिच्या हातून निसटलं, काच तडकली. आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं, हे ती शिकवते, त्यामुळे तिला स्वतःचा नियम मोडता आला नाही. आता गॅलरीत उलटं पडून आहे, आत कपड्यांचे चिमटे. माझी एकच विनंती: मला सुलटं टांगा. बाहेर, खिळ्याला. अलीकडे एक चिमणी येऊन आत बघून जाते, पण चिमटे बघून परत फिरते.

आता शपथ घेतलीच आहे तर सांगून टाकतं, यात एक गोष्ट बनवलेली आहे. चिमणीची नव्हे. ती खरी आहे, पीसही खरं. बनवलेली आहे ती धुक्याची. मी काच धुकवली नाही. हेल्मेटला ते जमत नाही. काच सबंध वेळ स्वच्छ होती, वळण लख्ख दिसत होतं. सगळं दिसत असताना तो आपणहून थांबला.