साहेबांचं आमेन

वहिनीचा राग कायम नाकावर असतो, हे इस्पितळाच्या धुलाईघरात सगळ्यांना ठाऊक होतं. खरं तर ती तिथे एकाच बाईची वहिनी. पण नणंदेने तिला कामाला लावलं, दिवसभर "वहिनी, वहिनी" असा धोशा लावला, आणि बघता बघता बॉयलरवाल्या म्हाताऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचीच ती वहिनी झाली.

त्या नणंदेच्या उजव्या हाताला आता बँडेज होतं. चादरींना इस्त्री करणाऱ्या तापलेल्या रोलरमध्ये तिची दोन बोटं गेली होती. रोलरच्या तोंडाशी पूर्वी लोखंडी जाळी होती. जाड चादरी तिच्यात अडकतात, काम रेंगाळतं, म्हणून साहेबांनी ती काढायला लावली. आणि अपघात झाल्यावर वरच्यांना बेधडक सांगितलं, की या मशीनला जाळी कधी नव्हतीच, बाईच गप्पा मारत होती. झालं. बाईला कामावरून काढायचं ठरलं, आणि ते आज सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सांगायचं म्हणून तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

वहिनीच्या नवऱ्याने घरून निघताना बजावलं होतं, "बहीण माझी आहे, मला काय वाईट वाटत नाही? पण तू साहेबांच्या तोंडी लागू नकोस. एक नोकरी गेली, दुसरी तरी राहू दे. देवावर सोड."

देवावर सोड! हे शब्द ऐकले की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. इतके दिवस गुडघे टेकून देवावर सोडूनच पाहिलं होतं की तिने. देव ढिम्म.

सकाळची प्रार्थना साहेबांनीच सुरू केलेली. रविवारी चर्चमध्ये गाणी तेच चालवत, गळा गोड होता. नियमही त्यांचेच. रोज पाळीपाळीने एकाने प्रार्थना करायची, बाकीच्यांनी डोळे मिटायचे, मध्ये कुणी ब्र काढायचा नाही आणि प्रत्येकाचं आमेन झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. निम्मे लोक ख्रिस्ती नव्हते. पण पाच मिनिटं उसंत मिळते म्हणून तेही मोठ्या भक्तिभावाने डोळे मिटत.

आज पाळी वहिनीची होती.

"वहिनी, आज क्षमेवर करा बरं का," साहेब साळसूदपणे म्हणाले. "मन मोठं ठेवायला शिकलं पाहिजे आपण."

"सांभाळून हं," नणंद कुजबुजली.

वहिनीने डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या, या सकाळबद्दल तुझे उपकार मानते," ती म्हणाली. इथवर ठीक होतं. मग तिचा आवाज चढला. "पण पित्या, मी तुझ्यावर रागावलेय."

कुणाला तरी ठसका लागला.

"क्षमा कर म्हणतात. करते. पण कुणाला करू? चुकलो म्हणणाऱ्याला क्षमा करतात ना? इथे तर कुणी चुकलंच नाही म्हणे. जाळी नव्हतीच म्हणे. तू सगळं बघतोस. मग जाळी काढताना बघितलं नाहीस? आम्ही सगळे इथेच उभे होतो!"

साहेब खाकरले. पुन्हा खाकरले. पण एकानेही डोळे उघडले नाहीत, आणि प्रार्थना मध्येच तोडायची साहेबांची काही हिंमत होईना.

"हिला पोरीची वेणी घालता येत नाही रे देवा! बायबलात तू एकाचा वाळलेला हात बरा केलास. मी हिची बोटं परत मागत नाही. पण ही खोटी ठरतेय, ते मला बघवत नाही. जो खोटं बोललाय, तो खरं बोलेपर्यंत त्याच्या डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस. खरं बोलला की मी क्षमा करीन. त्याआधी नाही. प्रभू येशूच्या नावाने मागते, आमेन."

"आमेन," नणंद म्हणाली. मग सगळे म्हणाले. ख्रिस्ती नसलेले जरा जास्तच जोरात म्हणाले.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चला, मशीन सुरू करा."

कुणी जागचं हललं नाही.

"साहेब," बॉयलरवाला म्हातारा अदबीने म्हणाला, "तुमचं आमेन राहिलं."

वरच्यांपुढे खोटं बोलणं साहेबांना जमलं होतं. पण हा माणूस आपल्या परीने देवाला भिणारा होता, आणि या प्रार्थनेला आमेन, म्हणजे 'तसंच होवो', म्हणणं म्हणजे काय, ते त्याला इथल्या कुणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी नणंदेच्या बँडेजकडे पाहिलं. अपघातानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

"आमेन," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," वहिनी म्हणाली.

"आमेन!" साहेब ओरडले. मग खाली बघत म्हाताऱ्याला म्हणाले, "भंगाराच्या खोलीत आहे जाळी. पत्र्यांच्या मागे. घेऊन या."

नणंद भिंतीला टेकून हमसून हमसून रडू लागली. साहेब तिच्याकडे वळले. "बाई, माझं चुकलं. मला क्षमा..."

वहिनीने टेबलावरचा फोन उचलला आणि त्यांच्या हातात कोंबला.

"आधी वरच्यांना सांगा. क्षमेचं मग बघू."