तीन ते पाचचा क्लास

थोरल्या सुनेने चार वर्षं घरात एक थाप बेमालूम पचवली होती. दुपारी तीन ते पाच ती शिवणाच्या क्लासला जाते, असं सगळे धरून चालले होते. ती जायची वाचनालयात. मागच्या खोलीत खिडकीशी बसून कादंबऱ्या लिहायची, तीही पुरुषाचं टोपणनाव घेऊन. दोन छापून आल्या होत्या. लेखक कोण, हे प्रकाशकाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

नवी नवरी असताना ती एकदा बोलून गेली होती, मला लिहायचंय. दिराने विचारलं, "काय, किराण्याची यादी?" सगळे खो खो हसले, नवराही. तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप घातलं. शिवणाला कुणी हसत नव्हतं. अधूनमधून ती शिंप्याकडून एखादा अभ्रा शिवून आणायची. नणंद म्हणायची, "चार वर्षांत तीन अभ्रे! वहिनी, या वेगाने माझा ब्लाउज म्हातारपणीच मिळणार."

सासूबाई वाचनवेड्या. त्यांची पुस्तकं सूनच आणून द्यायची. एकदा तिला काय हुक्की आली कोण जाणे, तिने त्यात आपली नवी कादंबरी सरकवली. चार बरे शब्द कानावर पडावेत, एवढीच हाव. त्या कादंबरीत दगडाच्या काळजाची एक सासू होती. नवरा गेला त्याच दुपारी ती स्टुलावर चढून पंखा पुसत बसते. हे कुठून उचललं ते सुनेला पक्कं माहीत होतं. पण सासरे जाऊन सात वर्षं झाली होती, आणि पुस्तकातली सासू तिने चांगली उंच, घाऱ्या डोळ्यांची केली होती.

सासूबाईंनी तीन दिवसांत पुस्तक संपवलं. चकार शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्या वाचनालयात आल्या आणि सुनेसमोरची खुर्ची ओढून बसल्या.

"आई, तुम्ही? इथे?"

"क्लासला गेले होते. बाई म्हणाल्या, या नावाची कुणी कधी आलीच नाही. म्हटलं, पुस्तकं जिथून येतात तिथे बघावं."

सुनेने घाईघाईने वही मिटली. मिटायला नको होती. तिथेच सगळं कबूल झालं.

"स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता, असं लिहिलंय," सासूबाई म्हणाल्या. "ते धरणारीलाच कळणार. त्या दिवशी तू धरलं होतंस."

"ती तुम्ही नाही, आई. कादंबरीत सगळं खोटंच असतं."

"घर माणसांनी भरलं होतं. येईल तो माझ्या तोंडाकडे बघायचा, ही रडते की नाही. वर चढलं की तोंड कुणाला दिसत नाही. म्हणून चढले." त्यांचा आवाज जरासा चिरकला. "तू तर खालीच होतीस. एकदा विचारायचंस."

घर आपल्याकडे कसं बघतं याची चीड सुनेच्या पानापानात होती. त्या दिवशी स्टूल धरून तीही तसंच बघत होती.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "आई, कुठे गेली होतीस?"

"हिच्या क्लासला. हात बसलाय म्हणतात बाई."

त्याने पुन्हा पेपरात डोकं घातलं. सुनेला हायसं वाटायला हवं होतं. स्वयंपाकघरात ती माफी मागू लागली, तशी सासूबाईंनी हाताने थांबवलं.

"जात जा. लिही. माझ्यासाठी मात्र आता पुस्तकं आणू नकोस."

त्या दिवसापासून सासूबाई दुपारभर रिकाम्या हातांनी बसू लागल्या. सून जायची, पण तीन आठवड्यांत तिने चार पानं लिहिली आणि चारही खोडली. मग एका दुपारी ती गेलीच नाही. सासूबाईंच्या शेजारी येऊन बसली.

"आई, बाबा गेले त्या दिवशी सकाळी काय झालं होतं?"

"कशाला? पुन्हा छापायला?"

'नाही' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. थापा मारायची तिला सवयच होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

सासूबाईंनी त्या सकाळचं थोडंसं सांगितलं. सासऱ्यांनी चहा मागितला होता, आणि तो फार गोड झालाय म्हणून कुरकुरले होते.

"पुढचं?" सुनेने विचारलं.

"पुढचं नाही सांगणार," सासूबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.